मी त्या कागदावर सही केली नाही

सकाळपासून तो कागद पर्समध्ये आहे. 'पाल्यास कोणत्याही खाद्यपदार्थामुळे त्रास झाल्यास त्याची जबाबदारी शाळेवर राहणार नाही.' खाली पालकाची सही आणि तारीख. क्लार्कनं पेन पुढे केलं, मी तशीच उठून आले. लेकीच्या पहिलीसाठी पाहिलेली ही सांगलीतली चौथी शाळा.

माझ्या लेकीला, चिऊला, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चार दाणे खाल्ले की पोट बिघडतं, असली नव्हे. घसा सुजतो, श्वास अडकतो. आणि आपण राहतो कुठे, तर सांगलीत. भडंगात दाणे, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या खिचडीत तर मूठभर. संक्रांतीच्या तिळगुळात दाणे, वाढदिवसाच्या चॉकलेटात दाणे. मी कुठल्याही शाळेला दाणे बंद करा म्हणाले नाही, म्हणणारही नाही. बाकीच्या पोरांनी डब्यात चटणी-भाकरी खुशाल आणावी. मी एवढंच विचारते, काही झालं तर तुमच्याकडे कुणी काय करेल?

पहिल्या शाळेनं स्विमिंग पूल दाखवला. दुसरीत मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे सिक रूम आहे," आणि त्या खोलीला कुलूप होतं. तिसऱ्या शाळेतले सर म्हणाले, "एवढं असेल तर एक-दोन वर्षं घरीच शिकवा ना." एवढं असेल तर! पाच वर्षांच्या पोरीला, जी रोज रात्री दप्तर भरून उशाशी ठेवते!

गेल्या गोपाळकाल्याचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बालवाडीत काला केला होता. नेहमीच्या बाई रजेवर होत्या, बदली बाईंना मी सांगितलं नव्हतं. माझी चूक, ती मी रोज उगाळते. काल्यात कुणीतरी कूट घातलं होतं. चिऊ म्हणाली, "बाई, घशात मुंग्या चावतायत." बाईंना वाटलं नाटक करतेय. पाणी दिलं, कोपऱ्यात बसवलं.

मुंग्या चावतायत. पाच वर्षांचं लेकरू याहून नीट कसं सांगणार? तिनं सांगितलं होतं हो. ऐकणारं कुणी नव्हतं.

ऐकलं ते मदतनीस मावशींनी. त्यांनी ओठ पाहिले, मला फोन लावला आणि मी पोचेपर्यंत तिला कडेवर घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. स्कूटरवर मागे मावशी, मध्ये चिऊ, मी मिरज रोडवरून कशी गेले मला आठवत नाही. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत पोरीचा श्वास मोकळा झाला. मावशींचं लुगडं चिऊच्या उलटीनं भिजलेलं, तरी संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. हा त्रास काही तासांनी उलटू शकतो म्हणून डॉक्टरांनी आम्हाला थांबवून घेतलं होतं.

आता घरातलं. आत्याबाई परवाही म्हणाल्या, "थोडं थोडं देत जा, सवय होईल." आत्या, तुमचा जीव आहे तिच्यावर, पण हे करायचं नाही. लहान बाळांना वेळेत दाणे चाटवले तर पुढे ॲलर्जी टळू शकते, हे लंडनच्या अभ्यासातून २०१५ साली पुढे आलं, खरं आहे. पण ते दाण्यांची ॲलर्जी नसलेल्या बाळांचं. जिचा घसा सुजतो तिला घरात चमच्यानं दाणे देऊन सवय लावायची नसते. ती उपचारपद्धत तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची असते. आणि ॲलर्जीची साधी गोळी पुरेल असंही कुणी सांगू नका. गोळीनं खाज जाते, पित्त बसतं, बंद होत आलेला घसा उघडत नाही. तिथे इंजेक्शनच लागतं, तेही लगेच. परदेशात त्याचं पेन मिळतं, मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी ॲम्प्यूल म्हणजे औषधाची काचेची कुपी, सिरिंज आणि चिऊच्या वजनावरून ठरवलेला ०.१५ मिलिचा डोस लिहून दिलाय. निळ्या डबीत ते सगळं असतं आणि ती डबी तिच्यासोबत फिरते.

शिक्षकांची बाजूही आहे, मान्य. वर्गात चाळीस-पन्नास पोरं, त्यात सुई टोचायची म्हणजे हात थरथरणारच, उद्या काही झालं तर पालक अंगावर येणार. पण म्हणून कागदावर सही? भीती वाटते असं सरळ म्हणा, मी समोर बसून शिकवते. त्या कागदाचा अर्थ एवढाच की पोरगी कोपऱ्यात बसवली जाईल आणि आम्ही सांगितलं होतं असं म्हणता येईल.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण दुपारचं अजून सांगितलेलं नाही. घरी येताना आमच्या मागच्या गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेत सहज डोकावले. सासऱ्यांना ती शाळा नको आहे, इंग्लिश मीडियम नाही म्हणून. पत्र्याची शेड, भिंतीवर बाराखडी. पोषण आहाराची खिचडी शिजत होती. स्वयंपाकीणबाईंनी न मागता डबे उघडून दाखवले, कशात काय आहे ते सांगितलं. "पूरक आहारात चिक्की आली तर त्या दिवशी मी हिला शेजारी बसवीन," म्हणाल्या. पहिलीच्या बाई माझ्याहून लहान असतील. निळी डबी बघून आधी घाबरल्या. मग म्हणाल्या, "ताई, उजव्या मांडीत की डाव्या?"

कुठल्याही, मी म्हटलं. बाहेरच्या बाजूला, स्नायूत, वेळ नसेल तर कपड्यावरूनही. मग तिला आडवं निजवायचं, पाय थोडे वर, श्वास अडकत असेल तर टेकवून बसवायचं, आणि १०८ ला फोन.

त्यांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग चिऊला विचारलं, "तुला त्रास व्हायला लागला की कसं वाटतं गं?" चिऊ म्हणाली, मुंग्या. बाईंनी तेही लिहिलं, 'मुंग्या म्हणाली की लगेच डबी.'

मी तिथेच रडले.

सासऱ्यांशी आज रात्री बोलायचंय, ते सोपं जाणार नाही. बाईंनी सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरून सराव करूया म्हटलंय. डॉक्टरांनी मला मोसंबीवर टोचायला शिकवलं होतं. उद्या सकाळी साडेदहाला बोलावलंय, मार्केटातून चार मोसंबी आणून ठेवल्यात.