शाळिग्राम लिंबाच्या रसात बुडवू नका

नेपाळमधल्या मुक्तिनाथ यात्रेचा तो मेसेज शेवटी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही येऊन धडकला. म्हणे शाळिग्रामात सोनं असतं, रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं की झळकतं. त्यातलं चक्र वज्रकीट नावाचा किडा कोरतो. हिमालयाच्या दगडांत सापडणारे समुद्री जीव 5000 वर्षांपूर्वीच्या प्रलयातले. आणि वर्धेच्या पात्रातही शाळिग्राम मिळतात. शेजारच्या काकूंनी लिंबं कापायला घेतली, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी सोनं. काही शाळिग्रामांत पिवळी चकाकी असते, एवढं मान्य. पण ती पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाची. अमोनाइट हा शंखातला समुद्री जीव मरून प्राणवायू नसलेल्या चिखलात गाडला गेला, की त्याच्या शंखाच्या कप्प्यांत पायराइट साचतं. खात्रीच करायची तर सुटलेला कण टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची हिरवट काळी. कण सुटलेला नसेल तर राहू द्या, त्यासाठी देव फोडायचा नसतो! लिंबू फार तर वरचा गंज काढेल. पण शंखाचा भाग कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा, असेल तर फेस येऊन चक्राच्या कडाच विरघळतील. शिवाय भेगांत ओल मुरली की पायराइट कुजतं, पांढरट भुकटी सुटते, ती फुगते आणि दगड तडकतो. रोजच्या अभिषेकानंतरही कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि पावसाळ्यात बंद डब्यात कोंडून ठेवू नका.

प्रलयाचं म्हणाल, तर मुक्तिनाथ ज्या अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, तिथले शाळिग्राम स्पिती शेल नावाच्या काळ्या थरातून सुटतात. तो थर सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या तळाचा. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक तर 45 कोटींच्या घरातला. त्यात ट्रायलोबाइट हे सांधेदार कवचाचे समुद्री जीव सापडतात, अमोनाइट नाही. एकाच पुराने सगळं वर नेलं असतं तर दोन्ही कालवलेले सापडले असते. तळ वर आला तो भारताचा भूखंड आशियाला धडकल्यावर, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीपासून.

वज्रकीट ही पुराणातली कथा. चक्र एका जिवाचंच, हे मात्र खरं. कोरलेलं नाही, त्याच्याच शंखाचा तो ठसा.

राहिली वर्धा. त्या भागात नागपूरजवळ टाकळीला हिस्लॉप या मिशनऱ्याला 19व्या शतकात काळ्या पत्थराच्या दोन थरांमध्ये शंख मिळाले, पण ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, अमोनाइटचे नव्हेत. नदीकाठी गोल रेघांचा दगड दिसला तर तो बहुधा अकीक. दिसायला सुंदर असतो, खुशाल उचला. फक्त शाळिग्राम म्हणून कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.