सहाशे फ्लॅट, चाळीस टँकर

बाळ्या पुण्यात वाघोलीला फ्लॅट बुक करणार म्हटल्यावर कट्ट्यावर कुणी पेढे मागितले नाहीत. अण्णांनी एवढंच विचारलं, "पाणी कुठलं?"

अण्णा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना प्रत्येक घर नळापासून दिसतं.

"सहाशे फ्लॅट आहेत अण्णा. क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव..."

"तलाव राहू दे. घरटी पाच माणसं धर, माणशी १३५ लिटर. रोजचं चार लाख लिटर झालं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, रोज. ते वळतील तरी का त्या रस्त्यावर?"

सच्याला हे झोंबलं. तो जागांचे व्यवहार करतो. "अहो, परवानगी काय चहाच्या टपरीवर मिळते? रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधायचं ते, ठरतो, फायरची एनओसी लागते, सांडपाणी शुद्ध करायचा एसटीपी बांधावा लागतो. सगळं बघूनच पास होतं."

"प्रत्येक फाईल बघतात रे," वकीलीणबाई म्हणाल्या. "पण शेजारच्या दहा फायली मिळून काय होणार, हे कोण बघतं? रस्ता नकाशात २४ मीटर असतो, जागेवर त्याची जमीन ताब्यातही आलेली नसते. इमारत मात्र २४ मीटरच्या हिशेबाने उभी राहते."

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. एकेकटी फाईल नियमात चोख बसते, बेरीज कुणाच्याच टेबलावर नसते. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. वाघोली त्या दुसऱ्या खेपेतली. हद्दीची रेघ एका अधिसूचनेने सरकते, जलवाहिनी टाकायला मात्र वर्षं जातात. मधल्या काळातल्या इमारतींसाठी एक सोयीची वाट असते: पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं बिल्डरने हमीपत्र द्यायचं. म्हणजे बोअर आणि टँकर.

"आणि मैलापाणी?" अण्णांची बेरीज अजून चालूच होती. "आत गेलेल्यातलं ऐंशी टक्के बाहेर येणार. एसटीपीने शुद्ध केलं, बागेला घातलं, फ्लशला वापरलं, तरी उरलेलं सोडणार कुठे? बाहेर ड्रेनेज लाईन नसेल तर ओढ्यात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड-किरकटवाडीकडे, जीबीएसचे, त्या नसांच्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हा सगळे विहिरी आणि टँकरच तपासत फिरत होते ना?"

सगळे जरा गप्प झाले. सच्या नाही.

"ठीक आहे, परवानग्या बंद करा. मग काय होईल? लोक यायचे थांबतात का? गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली जाईल, दहा फुटी बोळात पाच मजली इमारती होतील. तिथे एसटीपी कसला, जिन्यात उजेडसुद्धा नसतो."

याला उत्तर देणं सोपं नव्हतं, आणि ते खरंही आहे. वकीलीणबाईंनी २०१७ ची घोडबंदरची गोष्ट काढली. ठाण्यात पाण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना कोर्टाने लगाम घातला. "कोर्टापर्यंत जायची वेळ यावीच का? बांधायला परवानगी द्या, पण जलवाहिनी फाटकापर्यंत आल्याशिवाय भोगवटा, म्हणजे राहायला जायची परवानगी, देऊ नका. बिल्डरच मग पालिकेच्या मागे लागेल."

"आणि बाळ्यासारखा चार वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरेल," सच्या म्हणाला. हेही खरंच. तरी मी बाईंच्या बाजूचा. आज टँकरची झळ घर घेणाऱ्यालाच बसते आणि पालिकेला घाई नसते. त्यापेक्षा ताबा लांबलेला परवडला, निदान बोंब योग्य दारात होते.

बाळ्याने तोवर मोबाईलवर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर प्रकल्पाचं बांधकाम परवानगीचं पत्र उघडलं होतं. पाण्याची अट सापडली. नेहमीचीच, विकसकाने स्वखर्चाने सोय करण्याची.

"बघ, स्वखर्चाने!" सच्या खुलला.

"सोसायटी रजिस्टर होऊन बिल्डर हात झटकून गेल्यावर कुणाच्या खर्चाने?" अण्णांनी विचारलं.

"मेंटेनन्समध्ये येतं ते."

"चाळीस टँकर?"

"ते तुम्ही सेल्स ऑफिसलाच विचारा," सच्या म्हणाला. बाळ्याने रविवारची अपॉइंटमेंट ठेवली आहे, पण आता अण्णांनाही सोबत नेणार आहे.