टाळी वाजवण्याआधी

मुंबईचे नाटक गोव्यात फोंड्याला आले आहे. राजीव गांधी कला मंदिराबाहेर बोर्ड लागलाय, त्यावर तुमचा आवडता नट हात उंचावून उभा आहे आणि तुम्ही खिडकीपाशी रांगेत. थांबा. खिशातून मोबाइल काढा. या माणसाने गेल्या निवडणुकीत कोणाचे गोडवे गायले होते ते पाहिलेत का? नाही? मग तुम्ही कसले जागरूक चाहते. तुम्ही नुसते रसिक.

तिकीट मात्र काढून ठेवा. बहिष्कार हातात तिकीट असलेल्यानेच घालावा. बिनतिकिटाच्या बहिष्काराला लोक कडकी म्हणतात. मग ते तिकीट मेहुण्याला द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला चहाला बोलावून दुसरा अंक कसा रंगला ते खोदून खोदून विचारा. तत्त्वही राहते, नाटकही कळते.

नटाची मते तुमच्यासारखीच निघाली तर तो निर्भीड कलावंत. वेगळी निघाली तर त्याने आपले काम करावे, राजकारणात नाक खुपसू नये. २०२३च्या जुलैत पणजीला कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, तेव्हा गोव्यातले कलाकार बोलू लागले. हे बरे नव्हे. छप्पर हा राजकीय विषय आहे. कलाकाराने त्याखाली उभे राहून फक्त गावे.

आपल्या वाडवडिलांना ही पारख नव्हती, म्हणून त्यांच्या हातून फार चुका झाल्या. निळू फुलेंचेच घ्या. पडद्यावरचा तो सरपंच, तो सावकार पाहून बायाबापड्या त्यांना शिव्याशाप देत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा, कलापथकातून वर आलेला, पक्का समाजवादी. म्हणजे लोकांनी त्यांचा राग राग केला तो भूमिकेसाठी, आणि रागवायचे हक्काचे कारण, त्यांचे राजकारण, तसेच वाया गेले! डॉ. श्रीराम लागूंच्या बाबतीत तर याहून वाईट. देवाला रिटायर करा असे त्यांनी पुढे छापून सांगितले, पण तोवर देवघरात दिवा लावून नाटकाला गेलेली माणसे त्यांचा म्हातारा नट बघून ढसाढसा रडून बसली होती. ते अश्रू आता परत कसे घ्यायचे, यावर माझ्याकडे उपाय नाही.

चाहत्याने वही ठेवावी, आणि पेन्सिलीनेच लिहावे. शत्रुघ्न सिन्हांच्या चाहत्यांना हे पटेल. २००९ आणि २०१४ला पाटणा साहिबमधून भाजपचे खासदार, २०१९ला तिथेच काँग्रेसचे पराभूत उमेदवार, २०२२ला आसनसोलमधून तृणमूलचे खासदार. आवाज तोच, ‘खामोश’ तेच. पण ज्याने पेनाने लिहिले त्याची वही फाटली.

आमच्या घरातला एक कलंकही सांगून टाकतो. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, याचा कौल. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. आमचे आजोबा कट्टर फूलवाले. ३४ हजारांच्या फरकाने दोन पाने जिंकली आणि आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, असे आजी सांगायची. (ती असेही सांगायची की त्यांचे पोट बिघडले होते.) याच आजोबांना ओसरीवर सुपारी कातरताना उल्हास बुयांव यांची गाणी गुणगुणताना मी स्वतः ऐकले आहे. बुयांव म्हणजे दोन पानांचा बुलंद आवाज! आजी आतून ओरडायची, “तें तांचें पद न्हय?” आजोबा म्हणायचे, “चाल बरी आसा गो.”

चाल बरी आहे म्हणे. अशा माणसांमुळेच हरलो आपण.

आपल्या शेजारचे तियात्रवाले, म्हणजे कोंकणी संगीत नाटकवाले, तर आणखी बिघडलेले. तिथे कांतारात, म्हणजे गाण्यात, मंत्र्याची बिनपाण्याने हजामत झाली नाही तर पैसे फुकट गेले असे प्रेक्षकाला वाटते. ज्या मंत्र्याला मत दिले त्याच्यावरचे कडवे लागले की तोच प्रेक्षक वन्स मोअर ओरडतो. गायकाचा पक्ष कोणता हे विचारायला त्याला सुचतसुद्धा नाही. त्यांची संगत टाळा.

आता कोणी खवचट विचारील की नटाला एवढी चाळणी, मग आमदाराचे काय? त्याला शांतपणे समजवा. आमदाराचे वेगळे असते. २०१९च्या जुलैत गोव्यात काँग्रेसचे १० आमदार एकगठ्ठा भाजपात गेले. म्हणून २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशी यात्रा घडवून पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. तीन धर्मांचे साक्षीदार! त्याच वर्षी सप्टेंबरात निवडून आलेल्या ११पैकी ८ जण गेले. आपण त्यांच्या दारात गेलो नाही असे नाही. गेलो. पण जाब विचारायला नव्हे, पोराच्या जॉबचे विचारायला. आमदाराने काय कोणाला रडवले आहे, हसवले आहे, की त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा धरावी?

एवढी पूर्वतयारी झाली की जत्रेच्या नाटकाला बिनधास्त जा. गावच्या नटाची तपासणी करायची नसते, कारण त्याचे सगळे सगळ्यांना ठाऊकच असते. आमच्या वाड्यावर शिवाजी महाराज होतो तो पंचायतीचा पंच, म्हणजे सदस्य, आहे. गेल्या जत्रेच्याच सकाळी त्याने पॅनेल सोडून सरपंचावर अविश्वास ठराव आणला, सरपंचाला घरी बसवला, आणि रात्री दाढी चिकटवून देवळासमोर उभा राहिला. मी माझ्या मुंबईच्या नटाच्या जुन्या पोस्ट चाळत मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तिसऱ्या अंकात फितुरांवरचे भाषण आले. काय बोलला तो! कंबरेची तलवार थरथरत होती, मांडवात चिटपाखरू हलत नव्हते, माझा मोबाइल केव्हा मांडीवरून खाली पडला ते कळले नाही. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, महाराज तलवार उपसलेल्या अवस्थेत थबकले आणि माइकवर घोषणा झाली: महाराजांच्या अभिनयावर खूश होऊन ५०१ रुपयांचे बक्षीस, देणार आपले माजी सरपंच.