ससून डॉक मेलेला नाही, त्याला 'जिवंत' करायला निघू नका

'ससून डॉकवरची मासळी हलवा, गोदामांत रेस्टॉरंटं काढा, कुलाब्याचा जुना किनारा पुन्हा जिवंत होईल. बाल्टिमोर, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोने हेच केलं.' हा दावा हल्ली सगळीकडे फिरतो. तो वाचला की जीव तुटतो, कारण तपासायला घेतला तर त्यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी 'पुन्हा जिवंत' घ्या. १८७५ साली सुरू झालेल्या या डॉकवर आजही पहाटे पाय ठेवायला जागा नसते. बोटींतून मासळीच्या टोपल्या हातोहात वर येतात, तिथल्या तिथे लिलाव पुकारला जातो, बर्फ फोडून मालावर पसरतात. बाजूला बायका ओळीने जमिनीवर बसून कोलंबी सोलतात. जितकी सोलली तितकी मजुरी. शहरातल्या कित्येक हॉटेलांची मासळी इथूनच जाते. ती हलवून नेमकं काय जिवंत करायचं आहे?

आता बाल्टिमोर. जेम्स राउझ या विकासकाने १९८० मध्ये तिथे 'हार्बरप्लेस' उघडलं. पाण्याकाठी दोन मोठे मंडप, त्यांत खाणं आणि दुकानं. सुरुवातीला तुफान गर्दी झाली, हे मान्य. पण पुढे गाळे रिकामे होत गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाला त्याचा कारभार सांभाळायला रिसीव्हर, म्हणजे तात्पुरता व्यवस्थापक, नेमावा लागला. आता ते मंडप पाडून नवं बांधायची योजना आहे.

न्यूयॉर्कच्या साउथ स्ट्रीटवर राउझच्याच कंपनीने पिअर १७ या धक्क्यावर १९८५ मध्ये मॉल उभा केला. शेजारचा, १८२२ पासूनचा फुल्टन मासळी बाजार २००५ मध्ये ब्राँक्सला गेला. मॉलही टिकला नाही. तो पाडून २०१८ मध्ये नवी इमारत सुरू झाली. बाजार गेला तो गेलाच.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तर दावा करणाऱ्यांवरच उलटतं. फिशरमन्स वॉर्फवर इटालियन कोळ्यांनी धक्क्याशी उकडलेले खेकडे विकायला सुरुवात केली आणि त्या टपऱ्यांतूनच रेस्टॉरंटं वाढली. कोळी आधी, रेस्टॉरंट नंतर.

मुंबईतही हेच दिसतं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून तिथल्या कचेऱ्यांतल्या माणसांच्या जोरावर चाललं, म्हणून ते दुपारच्या जेवणाचं हॉटेल. आसपासच्या कामाने त्याला जगवलं. रेस्टॉरंटांना माझा विरोध नाही, पण हा क्रम उलटा करता येत नाही.

'नोकऱ्या वाढतील' म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं, कोलंबी सोलणाऱ्या पन्नाशीच्या बाईला वेटर म्हणून कोण घेणार? आणि पाट्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळणीने पहाटे माल उचलायला कुठे जायचं?

घाणीची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. पण त्यावर हवं वाहतं पाणी, नीट गटारं, बायकांसाठी स्वच्छ शौचालयं, सोलण्यासाठी छप्पर असलेले ओटे आणि पुरेसं शीतगृह. पर्यटकांसाठी गोदामं रंगवायला पैसा उभा राहणार असेल, तर तो आधी या कामांवर खर्च करा. एखाद्या रिकाम्या गोदामात मासळीची खाणावळ जरूर काढा. मात्र लिलावाची आणि सोलणाऱ्या बायकांची एक फूटही जागा त्यासाठी घेऊ नका, आणि आराखडा कागदावर येण्याआधी त्यांना बैठकीला बोलवा.