फळीवर जागा दिली, पट्टी कधी देणार?

"अमेरिकेलाही शेवटी कळलं, गुणवत्ता हीच खरी." २०२५ च्या जानेवारीत टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने वांशिक समतेचा कार्यक्रम गुंडाळल्यापासून हे वाक्य पुण्या-मुंबईच्या चर्चांमधून इकडे येऊन धडकतंय. त्याच्या मागोमाग खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा वाद, आणि शेवटी "दुकानदाराचं काम माल विकणं, समाज सुधारणं नव्हे" हा ठरलेला समारोप. न्यू जर्सीत राहून किरकोळ व्यापारातली खरेदी जवळून पाहणाऱ्या माणसाला या बोलण्याचा राग येतो. दुकानाच्या फळीवर गुणवत्ता आपली आपण चढत नाही. तिला खेळतं भांडवल लागतं, आणि इथे ते कुणाकडे आहे हे बऱ्याच अंशी कातडीच्या रंगावरून ठरत आलंय.

आधी टार्गेटचं काय झालं ते. कंपनीचं मुख्यालय मिनियापोलिसचं, म्हणजे २०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव गेला त्याच शहरातलं. पुढच्या वर्षी कंपनीने शब्द दिला की २०२५ अखेरपर्यंत कृष्णवर्णीय मालकांच्या व्यवसायांवर २ अब्ज डॉलर खर्च करू आणि त्यांचे ५०० हून अधिक ब्रँड दुकानात आणू. मग राजकीय वारं फिरलं आणि कार्यक्रमाला पूर्णविराम मिळाला. जॉर्जियातले पाद्री जमाल ब्रायंट यांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या ४० दिवसांत टार्गेटमधली खरेदी बंद ठेवण्याची हाक दिली. पहिल्या तिमाहीत तुलनात्मक विक्री ३.८ टक्क्यांनी घसरली. घसरणीला इतरही कारणं होती, पण बहिष्काराला लोकांनी हसण्यावारी नेलं नाही. तरी यात एक गाठ आहे, ती कृष्णवर्णीय उद्योजकांनीच बोलून दाखवली. टार्गेटमध्ये स्वतःची उत्पादनं विकणाऱ्या तबिथा ब्राउन यांनी उघड सांगितलं की फळीवर आमचा माल आहे, बहिष्काराचा मार आम्हालाही बसतो.

मार बसतो तो कसा, हे समजून घ्यायला एक ऑर्डर मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण व्यवहार असाच चालतो. केसांच्या क्रीमचा एक छोटा ब्रँड. साखळी दुकानाचा बायर, म्हणजे खरेदी ठरवणारा अधिकारी, खूश होऊन ४०० दुकानांची ऑर्डर देतो, प्रत्येकी २४ डबे. झाले ९,६०० डबे. डबा बनवायला साडेतीन डॉलर, म्हणजे ३३,६०० डॉलरचा खर्च. दुकान डबा ६ डॉलरला घेणार, म्हणजे ५७,६०० डॉलर येणं. कागदावर झकास धंदा. आता तारखा बघा. कारखान्याला निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले माल उचलण्याआधी हवेत. माल तयार व्हायला दहा-बारा आठवडे. दुकानाची उधारी माल पोचल्यापासून ६० दिवसांची. म्हणजे पहिला डॉलर गुंतवल्यापासून तो परत दिसेपर्यंत जवळजवळ पाच महिने. खरी गोम याच्याही पुढे आहे. माल चांगला खपला तर सहाव्या आठवड्यात दुसरी ऑर्डर येते, पहिलीचे पैसे यायच्या आधी. आता पुन्हा ३३,६०० कुठून आणायचे? छोटे ब्रँड माल पडून राहिल्याने बुडतात तसे माल खपल्यानेही बुडतात, ते असे.

वर वजावटी. खोक्यावरचं लेबल चुकीच्या बाजूला लागलं, कापा. ट्रक ठरलेल्या वेळेत आला नाही, कापा. जाहिरातीचा वाटा, भाव उतरवल्याचा वाटा, न खपलेला माल परत. आपल्याकडे अडत्याकडे माल टाकून पट्टीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगावं लागणार नाही. तोलाई, हमाली वजा होऊन हातात काय पडतं, ते त्याला पाठ आहे.

हे सगळ्याच छोट्या ब्रँडचं रडगाणं नाही का, असं विचारलं जातं. आहे. पण गोरा उद्योजक पाच महिने घरावर कर्ज काढून किंवा सासऱ्याकडून उसने घेऊन तग धरतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत संपत्तीच्या क्रमवारीत बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर भरली, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोकादायक ठरवल्या गेल्या, तिथल्या घरांना कर्ज मिळेना, आणि ज्या पिढ्यांना घर घेता आलं नाही त्यांच्या नातवंडांकडे तारण ठेवायला घर नाही. गुणवत्तेची गोष्ट करणाऱ्यांनी या दोन आकड्यांमधलं अंतर आधी मोजावं.

म्हणून ब्रँडला खरंच काही करायचं असेल तर पोस्टरपेक्षा खरेदीच्या करारात हात घालावा. पहिली ऑर्डर ४०० ऐवजी ५० दुकानांची द्यावी, आणि ती दुकानं त्या मालाचं गिऱ्हाईक राहतं तिथली निवडावी. चाळीस टक्के रक्कम ऑर्डरबरोबर द्यावी, बाकी माल पोचल्यावर १५ दिवसांत. पहिल्या दोन ऑर्डरींना हीच अट. माल परतीला मर्यादा घालावी, समजा दहा टक्के. पहिले ९० दिवस वजावट लावण्याआधी फोन करून चूक समजावून सांगावी. आणि त्या वर्गवारीतल्या फळ्या वर्षातून कधी नव्याने लावल्या जातात ती तारीख जाहीर करावी. ओळखीपाळखीच्या पुरवठादारांना ती आधीच ठाऊक असते, नव्या माणसाला मुदत उलटल्यावर कळते.

मोजमापातही पाणी मुरतं. २०२० साली फॅशन उद्योजिका ऑरोरा जेम्स यांनी फळीवरची १५ टक्के जागा कृष्णवर्णीयांच्या ब्रँडना द्या, अशी मागणी केली, कारण लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण तेवढाच आहे. मोठ्या साखळ्यांपैकी सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोराने सर्वांत आधी सही केली. पण १५ टक्के कशाचे? वेबसाइटवरच्या वस्तूंची संख्या धरली तर आकडा झटपट फुगतो. एका आडबाजूच्या पानावर शंभर वस्तू टाकल्या की झालं. मोजायचे ते पुरवठादाराला प्रत्यक्ष चुकते केलेले डॉलर, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा ऑर्डर मिळालेले ब्रँड. मालकी किमान ५१ टक्के हवी, आणि ती दरवर्षी तपासावी. कृष्णवर्णीय उद्योजकांनी उभा केलेला केसांच्या उत्पादनांचा ब्रँड शीया मॉइश्चर २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे गेला. अशा ब्रँडला कोणत्या रकान्यात धरायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

आता दुकानाच्या आत या. जाड पारदर्शक प्लास्टिकचं दार, कोपऱ्यात कुलूप, शेजारी घंटीचं बटण. आत ७ डॉलरची केसांची क्रीम. शेजारच्याच रांगेत त्याहून महाग शाम्पू उघड्यावर. गिऱ्हाइकाने बटण दाबायचं, कर्मचारी येईपर्यंत उभं राहायचं, मग त्याने डबा हातात न देता थेट गल्ल्यावर नेऊन ठेवायचा. २०२० च्या जूनमध्ये वॉलमार्टने कृष्णवर्णीयांच्या केसांची उत्पादनं कुलपात ठेवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉलग्रीन्स आणि सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळ्या पाठोपाठ आल्या. कुलपाचा नियम सरळ ठेवता येतो: वस्तूनिहाय चोरीचे आकडे आणि किंमत बघून कुलूप लावा, ती कोण विकत घेतं ते बघून नाही.

चोरी पकडायलाही इथे ठरलेल्या पायऱ्या आहेत. माणसाने वस्तू उचललेली पाहिली पाहिजे, लपवलेली पाहिली पाहिजे, मधे एकदाही नजर सुटलेली नको, आणि पैसे न देता तो गल्ला ओलांडून गेला पाहिजे. यातली एक कडी तुटली तर अडवायचं नाही. गडबड होते ती पहिल्या पायरीच्याही आधी, पहारेकरी कुणाच्या मागे चालू लागतो तिथे. दर महिन्याला किती जणांना अडवलं, त्यातल्या किती जणांकडे खरंच माल सापडला, हे वंशनिहाय मांडलं की ते लपत नाही. कर्मचाऱ्यांच्या पेहरावाच्या नियमांतून वेण्या आणि जटांवरची बंदीही काढावी. न्यू जर्सीत २०१९ पासून तसा कायदाच आहे.

उत्सवापुरती आस्था मात्र अंगलट येते. २०२२ मध्ये वॉलमार्टने जूनटीन्थचं आइस्क्रीम काढलं, स्वतःच्याच लेबलखाली. गुलामगिरी संपल्याच्या दिवसाचं नाव, आणि नफा त्यात कुठल्याही कृष्णवर्णीय उत्पादकाला नाही. ओरड झाली, माफी मागून माल मागे घ्यावा लागला.

कायद्याची बाजूही बघायला हवी. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना २०,००० डॉलरचं अनुदान देत होता. गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या १८६६ च्या कायद्याच्या आधारे त्याच्यावर खटला भरला गेला आणि २०२४ मध्ये तो उपक्रम बंद पडला. तेव्हा "फक्त अमुकांसाठी" अशी अट घालणं आता जोखमीचं आहे. सर्व छोट्या पुरवठादारांना लवकर पैसे देणं, शोध अधिक लांबवर घेणं, याला मात्र कुणी हरकत घेत नाही.

आणि इथेच तिकडच्या वादाकडे परत यावंसं वाटतं. अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात याहून चांगले नियम आहेत. २००६ च्या कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. इथे खासगी व्यवहाराला असा देशव्यापी कायदा नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ मध्ये पुण्यातच उभी राहिली. खासगी मॉलच्या बायरला यातलं काही विचारलं जात नाही, आणि विचारायची वेळ आली की टार्गेटचा दाखला! जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. आपण अमेरिकेकडून घ्यायचं काय, ते तेव्हाच सांगून झालंय.

पण राग फक्त तिकडच्यांवर काढणं अप्रामाणिकपणा होईल. आपल्याला या देशाचं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्या कायद्यामागे कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा जोर होता. तरी न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या एडिसन गावात, दिवाणखान्यात बसून "त्या वस्तीत" घर बघू नका, हे आपणच एकमेकांना सांगतो. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये बदललं, पण गोरेपणाची क्रीम आपल्या किराणा दुकानांच्या फळीवरून उतरली नाही, कारण गिऱ्हाईक आपणच. रंगाचा विषय निघाला की आपण इथले पाहुणे होतो, शाळा आणि घराच्या किमती निघाल्या की घरमालक.

पाहुणे म्हणावं तर कामही तसं नाही. टार्गेटच्या मिनियापोलिसमध्ये आणि वॉलमार्टचं मुख्यालय असलेल्या बेंटनव्हिलमध्ये, पुरवठा साखळीत, खरेदीत, सॉफ्टवेअरमध्ये मराठी माणसं कमी नाहीत. नवा पुरवठादार नोंदवायच्या पडद्यावर पैसे देण्याच्या मुदतीचा एक रकाना असतो. त्यात ६० हा आकडा आधीच भरलेला येतो. तो बदलून १५ करायला बायरची मंजुरी लागते, आणि मंजुरीसाठी कुणीतरी विनंती पाठवावी लागते. ती विनंती पाठवणाऱ्या खुर्चीवर बऱ्याचदा आपल्यातलंच कुणीतरी बसलेलं असतं.