नॅनोकण आले म्हणून केमो संपली नाही: एक खुलासा

‘नॅनोकण औषध थेट गाठीतच सोडतात, त्यामुळे आता केमोची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. कर्करोगावरच्या अशा बहुतेक अतिसूक्ष्म कणांत भरलेलं असतं ते केमोचंच औषध!

थर्मोडॉक्सचं उदाहरण घ्या. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध भरलेले हे लिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) सूक्ष्म कण साधारण ४० अंश सेल्सिअसला तापले की औषध सोडतात. म्हणून यकृताची गाठ रेडिओलहरींनी जाळताना ते शिरेतून दिले गेले. कल्पना खरोखर सुंदर, प्रयोगशाळेत ती चाललीही. पण ७०१ रुग्णांवरच्या चाचणीत आजार जास्त काळ रोखला गेल्याचं दिसलं नाही, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. पुढच्या चाचणीतही अपेक्षित फायदा मिळाला नाही.

‘थेट गाठीत’ हेही खरं नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधल्या एका आढाव्यात, टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक (मधोमधचं) प्रमाण ०.७ टक्के निघालं. बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच अडवतात.

नॅनोकण निरुपयोगी आहेत असं मात्र मुळीच नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालेलं लायपोसोममधलं (लिपिडच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) डॉक्सोरुबिसिन साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला कमी इजा करतं, पण तळहात-तळपायांची आग होऊ शकते. कृपया असा मेसेज वाचून सुरू असलेली केमो थांबवू नका. आधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.