ते पान मी उलटलं

आज एका बैठकीत माझ्या संशोधनाचा विषय मांडत होते. सशस्त्र संघर्षात लैंगिक अत्याचार सोसलेले पुरुष. समोरच्या एकाने कागदातून मान वर न करता विचारलं, "पण असे असतात तरी किती?" आणि शेजारचा हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. घरी येऊन तीन तास झाले, ते हसू डोक्यातून जात नाहीये.

किती असतात? २०१० साली पूर्व काँगोत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. लैंगिक अत्याचार झाल्याचं ३९.७ टक्के बायकांनी सांगितलं आणि २३.६ टक्के पुरुषांनी. त्या पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी अत्याचाराचा संबंध युद्धाशी लावला. हसा आता.

माझ्या कामाचं पहिलंच वर्ष होतं. निर्वासितांची छावणी (कुठली ते सांगणार नाही). मी, दुभाषी आणि समोर चाळिशीचा एक माणूस. दोनदा खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. पाठ दुखते म्हणाला. मी फॉर्मवर लिहिलं, पाठदुखी. कोठडीत मारहाण झाली का? हो. मी खूण केली. मग पुढचं पान आलं. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'फक्त महिलांसाठी'. मी ते त्याच्यासमोर उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, राहायला तंबू आहे का?

त्याची नजर त्या पानाबरोबर फिरली होती. मी ते पाहिलं, आणि तरी पुढे गेले.

हे एकट्या माझ्या हातून झालं असतं तर मी स्वतःलाच दोष देऊन गप्प बसले असते. पण न्यायालयांनीही हेच पान उलटलंय. बोस्नियाच्या युद्धात चेलेबिची इथल्या कैद्यांच्या छावणीत दोन सख्ख्या भावांना सगळ्यांसमोर एकमेकांशी मुखमैथुन करायला लावलं. खटल्यात आरोप काय ठेवला? अमानुष वागणूक. १९९८ च्या निकालात न्यायाधीशांनाच लिहावं लागलं की आरोप तसा ठेवला असता तर हा बलात्कार ठरू शकला असता. केनियात २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात लुओ जमातीच्या पुरुषांची बळजबरीने सुंता केली, लिंगं कापली. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सांगितलं, ही लैंगिक हिंसा नव्हे, 'इतर अमानुष कृत्यं'. लिंग कापलं, आणि लैंगिक नव्हे! आणखी काय करायचं होतं त्या माणसांना?

हो, बायकांवरचे अत्याचार कितीतरी जास्त आहेत आणि त्यांच्यासाठीसुद्धा पैसा पुरत नाही. मान्य. हे बोलायला शब्दही बायकांच्या चळवळीनेच दिले. पण म्हणून त्या माणसाला उभंच ठेवायचं?

आपल्या भाषेतच बघा ना. बाईची 'अब्रू लुटली' असं आपण सहज म्हणतो. ते म्हणणंही चूकच, पण पुरुषाच्या बाबतीत तर तेवढंही कुणी म्हणत नाही. त्याला मारलं, त्याचा छळ झाला, की संपलं. जगभर तेच. तो स्वतःही 'मारहाण'च म्हणतो, नाहीतर 'माझ्या एका मित्राच्या बाबतीत झालं' म्हणतो. कारण बोललं की बायको काय म्हणेल, मुलं काय म्हणतील. आणि जिथे पुरुषा-पुरुषांतला संबंधच गुन्हा आहे, तिथे तक्रार करायला गेलेलाच आत जायची भीती.

म्हणून आता मी 'बलात्कार झाला का' असं विचारत नाही. कपडे काढायला लावले का, गुप्तांगावर मारलं का, शॉक दिला का, दुसऱ्या कुणाबरोबर काही करायला भाग पाडलं का, असं विचारते. तेही सावकाश, आणि डॉक्टर, समुपदेशक जवळ असेल तरच. जखम उघडून आपण वही मिटून निघून जायचं, हे मला जमणार नाही. छावणीत जाणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही असं करू नका, हात जोडून सांगते.

आता थोडी शांत झालेय. त्या हसणाऱ्या माणसाचाही फार राग उरला नाही. तेव्हा मी हसले नव्हते, पण मी तरी वेगळं काय केलं होतं?

त्या माणसावर काय गुदरलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलंच नाही. मुलाखत संपल्यावर तो दारापर्यंत गेला, चौकटीला हात टेकवून वळला आणि दुभाष्यामार्फत म्हणाला, "त्या पानावर काय होतं?"

मी म्हणाले, "बायकांचे प्रश्न होते."

"बरं," म्हणाला, आणि गेला.

तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे, पुढच्या बैठकीला बरोबर नेणार आहे.